पंडिता रमाबाई : भांडणं झाली, नाती तुटली नाहीत

पंडिता रमाबाई म्हटलं की आपल्याकडे पुणं आणि केडगाव आठवतं. पण त्यांच्या आयुष्याची सुरुवात आणि शेवटच्या वर्षांतलं एक महत्त्वाचं काम, दोन्ही आजच्या कर्नाटकात आहेत. 23 एप्रिल 1858 रोजी त्यांचा जन्म झाला तो पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. आणि 1912-13च्या सुमारास त्यांनी मुलींसाठी जी शाळा काढली ती गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत. तेव्हा तो निजामाचा मुलूख होता. शाळेचं नाव शांती सदन, आणि ती चालवायला गेली त्यांची एकुलती एक लेक मनोरमा. मराठी बोलणारं हे घर राज्यांच्या रेषा पाळणारं कधीच नव्हतं.

रमाबाईंचं समाजकार्य शाळेच्या पुस्तकात आहे. त्यांच्या ख्रिस्ती होण्याबद्दल मात्र लोक एक तर गप्प बसतात, नाही तर एका वाक्यात निकाल लावतात. धर्म बदलला, बाप्तिस्मा घेतला, संपलं. खरं तर बाप्तिस्म्यानंतर त्यांचा खरा शोध सुरू झाला. तो पुढे जवळजवळ चाळीस वर्षं चालला आणि त्यात देवाइतकीच माणसंही होती. ज्यांच्याशी कडाडून मतभेद झाले, तरी ज्यांना त्यांनी सोडलं नाही, अशी माणसं.

वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवायचं त्यांनी ठरवलं आणि भाऊबंदांचा रोष ओढवून घेतला. म्हणून तर ते रानात जाऊन राहिले. रमा सहा महिन्यांची असताना ते घरही सुटलं. वेताच्या पेटाऱ्यात घालून तिला डोंगराखाली आणलं, आणि मग पुढची कित्येक वर्षं तीर्थयात्रा, पुराणं सांगणं, मिळेल त्यावर गुजराण. आई लक्ष्मीबाईंनी पहाटे उठवून रमेकडून भागवत पाठ करून घेतलं.

दुष्काळात हे कुटुंब अक्षरशः उपाशी मेलं. आधी वडील, काही आठवड्यांनी आई, पुढे थोरली बहीण. आईच्या शेवटच्या दुखण्यात रमा शेजारच्या एका बाईकडे बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेली. सोळा-सतरा वर्षांची विद्वान ब्राह्मणाची मुलगी. भीक मागायची सवय नाही, तोंडातून शब्द फुटेना. तो तुकडा पुढे हजारो मुलींच्या पोटात कसा गेला, ते पुढे येईलच.

उरले दोघं, रमा आणि भाऊ श्रीनिवास. देशभर पायपीट करत दोघं 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी रमेची परीक्षा घेतली आणि पंडिता, सरस्वती असे किताब दिले. याच शहरात भावंडांनी पहिल्यांदा ख्रिस्ती प्रार्थना पाहिली. लोक खुर्च्यांसमोर गुडघे टेकून डोळे मिटून बसलेले. दोघांना वाटलं, ही मंडळी खुर्च्यांचीच पूजा करतात की काय! भेट म्हणून संस्कृत बायबल मिळालं, पण त्यातलं काही डोक्यात शिरलं नाही. पुढे ज्या बाईने अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, तिची सुरुवात ही अशी.

1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी सिल्चरचे वकील बिपिनबिहारी मेधवी यांच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी, प्रांत वेगळा. नवऱ्याच्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची एक छोटी प्रत सापडली. वाचून त्यांना ओढ लागली, एक मिशनरी येऊन समजावूही लागले. मिशनच्या शाळेत शिकलेल्या नवऱ्याला मात्र बायकोने ख्रिस्ती व्हावं हे मुळीच पसंत नव्हतं. पुढे त्या घरात काय झालं असतं, सांगता येत नाही. 4 फेब्रुवारी 1882 रोजी पटकीने मेधवी गेले. मनोरमा तेव्हा दहा महिन्यांचीही नव्हती.

लेकीला घेऊन त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला. रानड्यांच्या पत्नी रमाबाई त्या सभांना जायच्या आणि त्यासाठी घरातल्या बायकांची बोलणी खायच्या. हंटर कमिशनपुढे पंडिताबाईंनी स्त्री-डॉक्टरांची आणि शिक्षिकांची गरज मांडली. याच काळात नीलकंठशास्त्री, म्हणजे फादर नेहेम्या गोरे यांच्याशी ओळख झाली. काशीतले चित्पावन पंडित, स्वतः ख्रिस्ती झालेले. वाद घालावा तर अशा माणसाशी, कारण दोघांची शास्त्रं एकच होती.

1883 मध्ये त्या डॉक्टर व्हायच्या इराद्याने इंग्लंडला गेल्या. बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत. उतरल्या वाँटेज गावच्या सेंट मेरी संघाच्या जोगिणींकडे. या संघाच्या काही सिस्टर पुण्यात काम करत, त्यामुळे ओळख होती. फुकट राहायचं नाही म्हणून रमाबाईंनी भारतात जाणाऱ्या सिस्टरना मराठी शिकवायचं कबूल केलं. ख्रिस्ती होणार नाही, असं सांगूनच त्या गेल्या होत्या.

मग दोन गोष्टी घडल्या. लंडनमध्ये फुलहॅमला, वाट चुकलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांना सिस्टर कशा सांभाळतात, ते त्यांनी पाहिलं. आपल्याकडे अशा बाईला दारात कुणी उभं करत नाही, आणि इथे तिची सेवा करतात, हे त्यांना कळेना. कारण विचारलं तेव्हा विहिरीवर शोमरोनी बाईशी बोलणाऱ्या येशूची योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट त्यांना वाचून दाखवण्यात आली. दुसरी गोष्ट भयंकर. आपल्याला बळजबरीने बाटवतील या भीतीने आनंदीबाई भगत यांचं मन इतकं ढासळलं की त्यांनी विष घेऊन जीव दिला. परदेशात, दोन वर्षांच्या मुलीसोबत, रमाबाई एकट्या उरल्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात गहजब झाला. हे होणारच होतं. पण वाँटेजमध्ये ज्यांना आनंद झाला, त्यांनाही पुढच्या दोन वर्षांत कळलं की ही बाई आपल्या हातातली नाही.

रमाबाईंची तिथली धर्ममाता होती सिस्टर जेराल्डिन. पुण्यात काम करून तब्येतीमुळे परत गेलेली, शिस्तीची, प्रेमळ आणि हट्टी. रमाबाई शिकायला चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात गेल्या, तेव्हा मनोरमेला जेराल्डिननेच सांभाळलं. मनोरमा तिला आजीबाई म्हणायची, अगदी मराठीत. सोळा-सतराव्या वर्षी आई गमावलेल्या रमाबाईंना या बाईत आई दिसली असेल, तर नवल नाही. आणि आईशी होतात तशीच भांडणं तिच्याशी झाली.

भांडणाचे विषय पाहिले तर आज हसू येईल, पण त्यांच्या मुळाशी मोठा प्रश्न होता. रमाबाई अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा खाईनात. जेराल्डिनला वाटलं, जातीचा अहंकार अजून गेला नाही. रमाबाईंना वाटलं, मी ख्रिस्ती झाले, इंग्रज नाही झाले. क्रूसावर लॅटिन अक्षरं आहेत म्हणून त्यांनी तो घालायला नकार दिला, लॅटिन मला कळत नाही, संस्कृत असेल तर घालीन, असा त्यांचा पवित्रा. मग त्रैक्याच्या सिद्धांतावर वाद. चर्चने ठरवलेल्या मतमंत्रांवर वाद. बायबलमध्ये मला जे दिसेल ते मानीन, पाद्री सांगतात म्हणून मानणार नाही. बाप्तिस्मा घेताना त्यांनी आपल्या विवेकाची सही कुणाला करून दिली नव्हती.

कॉलेजात त्यांना संस्कृत शिकवायचं काम मिळू घातलं. विद्यार्थ्यांत तरुण मुलगेही असतील म्हणून मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली, हिंदुस्थानात परत गेल्यावर बाईंचं वजन कमी होईल म्हणून. रमाबाई भडकल्या. भर सभेत स्त्री-पुरुषांपुढे शास्त्र सांगत ज्या देशभर फिरल्या, त्यांना हिंदुस्थानची रीत बिशप शिकवणार? बापाने आईला शिकवलं म्हणून ज्या घराने रान पत्करलं, त्या घरातली ही मुलगी.

सगळ्यात कडू वाद झाला तो मनोरमेवरून. मला स्वतःला जे पटलेलं नाही ते माझ्या मुलीच्या मनावर बिंबवू नका, असं आईचं म्हणणं. मूल ख्रिस्ती झालंय, तर त्याला पूर्ण शिकवण मिळायलाच हवी, हे आजीबाईचं. पत्रांमागून पत्रं गेली. जेराल्डिनने गर्वाचा ठपका ठेवला, रमाबाईंनी तो परतवला. दोघींपैकी कुणीही गोड बोलून वेळ मारून नेली नाही. आणि तरीही, 1886 मध्ये अमेरिकेत गेल्यावर लेकीला सांभाळायला कुणाकडे द्यायचं हा प्रश्न आला, तेव्हा मनोरमा परत जेराल्डिनकडेच गेली. जिच्या मतांवर भरवसा नाही, तिच्या हातांवर पूर्ण भरवसा. असं नातं घरच्या माणसांतही क्वचित दिसतं.

कानाने कमी ऐकू येत असल्याने डॉक्टरकी राहूनच गेली. अमेरिकेत त्या गेल्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी, आणि राहिल्या जवळजवळ तीन वर्षं. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, भाषणं दिली, बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. त्या पैशांवर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीला विधवांसाठी शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं.

अट अशी होती की सदनात धर्म शिकवायचा नाही. ज्या मुलीला जो धर्म पाळायचा तो पाळू द्यायचा. यावर दोन्हीकडून मार बसला. जेराल्डिनसारख्या ख्रिस्ती मंडळींना वाटलं, बाई ख्रिस्ताला लपवते. पुण्यातल्या लोकांना वाटलं, बाई आतून बाटवते. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं ठेवून. मुली येऊन बसू लागल्या, काहींना आवडू लागलं. दार लावा, असं कुणी म्हटलं तर त्या लावायला तयार नव्हत्या. माझ्या मुली मला परक्या नाहीत, त्यांच्यापासून मी लपवू कशाला, हा त्यांचा मुद्दा. 1893 मध्ये प्रकरण इतकं तापलं की रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, केसरीने झोड उठवली आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. सल्लागारांच्या बाजूनेही बोलायला जागा आहे. विश्वासाने मुली पाठवणाऱ्या आईबापांना त्यांना उत्तर द्यायचं होतं.

पण याच सदनात पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून आलेल्या गोदूबाईंनी 1893 मध्येच धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्या पुढच्या बाया कर्वे. गोदूबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत आणि रमाबाईंना सोडूनही गेल्या नाहीत. कर्व्यांनी पुढे विधवांसाठी जो आश्रम काढला, त्याची वाट शारदा सदनातूनच गेली. धर्म एक असल्याशिवाय माया लागत नाही, असं म्हणणाऱ्यांनी बाया कर्व्यांकडे पाहावं.

या सगळ्या गोंगाटात रमाबाईंच्या आत वेगळंच चाललं होतं. 1891च्या सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाद्र्याचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. वर्षानुवर्षं धर्मोपदेश करूनही आपण देवाला भेटलोच नव्हतो, असं त्या पाद्र्याला उमगलं होतं. वाचून रमाबाईंना धस्स झालं. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली होती. धर्म मिळाला होता, सिद्धांतांवर वाद घालून झाले होते, पण ख्रिस्त मिळाला होता का? उत्तर नाही असं आलं आणि त्यांनी ते पुढे जाहीरपणे लिहिलं. सगळे विरोधक टपून बसलेले असताना स्वतःची उणीव छापून द्यायला केवढं धाडस लागतं! त्यानंतर त्यांचा वाद घालण्याचा सूर हळूहळू बदलला. स्वभाव बदलला नाही, पण जिंकण्याची घाई गेली.

1895 मध्ये लोणावळ्याजवळच्या एका ख्रिस्ती मेळाव्यात त्यांच्यासोबत श्रद्धा स्वीकारलेल्या 15 मुली होत्या. या संख्येचा वर्ग कर, अशी प्रार्थना त्यांनी केली. पंधरा पंधरे सव्वादोनशे. असा पाढ्यातला हिशेब मागणारी भक्ती विरळाच! दीड-दोन वर्षांत मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि हिशेब मागण्यापेक्षा मोठा निघाला.

दुष्काळ म्हटल्यावर त्यांना पुन्हा तो भाकरीचा तुकडा आठवला. स्वतः मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे 300 मुली आणि तरुण विधवा आणल्या. अंगावर फोड, डोक्यात उवा, हाडांचे सापळे. काहींना अन्न दिसलं की लपवून ठेवायची सवय. पुण्यात प्लेगमुळे इतक्या जणींना ठेवायची परवानगी नव्हती, म्हणून केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर तंबू ठोकले. तेच मुक्ती. 1900च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या 2000च्या घरात गेली. विहिरी खणल्या, हातमाग आला, तेलघाणा आला, छापखाना आला. खिळे जुळवायच्या त्या मुलीच. आंधळ्या मुलींसाठी वेगळी सोय, टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन. फुलहॅमला पाहिलेलं त्या विसरल्या नव्हत्या.

उपाशी मुलींना अन्न देऊन ख्रिस्ती केलं, ही टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. ती उडवून लावण्यासारखी नाही. मुक्तीत शारदा सदनासारखी तटस्थता नव्हती, ते उघड ख्रिस्ती घर होतं. दुसरीकडे, त्या मुलींना रस्त्यावरून उचलायला त्या वर्षी दुसरं कोण आलं होतं, हाही प्रश्न टीका करणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा.

1905 मध्ये वेल्समधल्या धर्मजागृतीच्या बातम्या आल्या. रमाबाईंनी रोज जमून प्रार्थना करायला कोण तयार आहे विचारलं. सुरुवातीला 70 जणी पुढे आल्या, मग शेकडो. जूनअखेर केडगावात जे उसळलं ते पाहून बाहेरचे मिशनरी बावरले. मुली रडत होत्या, एकदम मोठ्याने प्रार्थना करत होत्या, आपली पापं कबूल करत होत्या. काही गोऱ्या पाहुण्यांना तो गोंधळ वाटला. रमाबाईंनी थांबवलं नाही. आमच्या बायकांना आमच्या रीतीने रडू द्या, टाळ्या वाजवू द्या, पाश्चात्त्य शिस्तीच्या चौकटीत बसवू नका, हे त्यांनी लिहूनही टाकलं. वाँटेजला क्रूसावरच्या लॅटिनला नाही म्हणणारी बाई वीस वर्षांनीही तीच होती.

मनोरमा इंग्लंड-अमेरिकेत शिकून 1900च्या सुमारास परतली आणि आईचा उजवा हात झाली. परदेशात वाढलेली मुलगी केडगावच्या धुळीत रमली, शाळा सांभाळू लागली, पुढे गुलबर्ग्याचं शांती सदन तिच्याच खांद्यावर आलं. तिशी ओलांडल्यावर, शाळेचा व्याप सांभाळून तिने मुंबई विद्यापीठाची बी.ए. केली. रमाबाईंच्या मनात तिच्यानंतर मुक्ती हिचीच, हे पक्कं होतं.

रमाबाई आता बायबलच्या भाषांतरात गुंतल्या होत्या. उपलब्ध मराठी बायबल त्यांच्या मुलींना जड जायचं, फार संस्कृत शब्द. भागवत मुखोद्गत असलेल्या पंडितेने संस्कृत बाजूला ठेवून, खेड्यातल्या मुलीला कळेल अशी मराठी करायला घेतली आणि त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली. नवा करार आधी छापून झाला, जुना करार रेटत राहिला.

24 जुलै 1921 रोजी मनोरमा गेली. वय चाळीस. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता लेक. रमाबाई पुन्हा प्रुफांकडे वळल्या. अखेरच्या दिवसांपर्यंत प्रुफं तपासत होत्या. 5 एप्रिल 1922 रोजी केडगावात त्यांचं निधन झालं. संपूर्ण बायबल मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडलं 1924 मध्ये.

इकडे वाँटेजला म्हाताऱ्या झालेल्या सिस्टर जेराल्डिनने रमाबाईंची पत्रं नीट लावून, त्यांच्या नकला करून ठेवली होती. स्वतःला बोल लावणारी, भांडणाची, रागाची, सगळी. मध्येमध्ये स्वतःच्या टिपा लिहिल्या, आणि त्यांत रमाबाईंवरचा जुना राग लपवलेला नाही. पण एकही पत्र फाडलं नाही. 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती छापली. त्यात छोट्या मनोरमेने आजीबाईला लिहिलेली पत्रंही आहेत.